फुटलेला सवाल

सोनटेकच्या अभिमन आबांना गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं आणि गप्प बसता येत नव्हतं. पहिल्या दोन गोष्टींबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

नरडाण्याच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीनं आत गेलं की सोनटेक लागे. आबांची तिथं बरी शेती होती, विहिरीला पाणी होतं, घरात झुंबरबाईंसारखी खमकी बायको होती. पण पंचक्रोशीत आबांची ओळख कापसामुळे नव्हती, कानांमुळे होती. कुठं भजन बसलं, कुठं तमाशाचा फड उतरला, कुठल्या लग्नात सनईवाला बरा आहे असं कळलं, की आबांचे बैल आपणहून त्या वाटेला वळतात असं लोक म्हणत. धुळ्यात पांझरेकाठी नाटक कंपनीचा तंबू पडला की देवपुरातला मावसभाऊ घरातलं धान्य मोजायला बसे, कारण कंपनी हलेपर्यंत आबांचा मुक्काम त्याच्याकडे असे.

आबांची दाद ठरलेली होती. एखादी जागा आवडली की ते गुडघ्यांवर उभे राहत, उजवा हात वर फेकत आणि ओरडत, “वा रे मन्हा वाघ!” धुळ्याच्या तंबूत एकदा नायिकेच्या नाजूक पदाला त्यांनी ही आरोळी ठोकली. लुगडं नेसून विरहात बुडालेल्या त्या नटाला आपण वाघ आहोत हे एकदम आठवलं की काय कोण जाणे, त्याचं पुढचं वाक्य भरदार पुरुषी आवाजात आलं. मालकानं दुसऱ्या दिवशी आबांना मागच्या रांगेत बसवलं. आबांनी तिथून जास्त जोरात ओरडून अंतर भरून काढलं.

त्यांची खरी खोड मात्र वेगळीच होती. अर्धं राहिलेलं गाणं त्यांना सोसत नसे. एकदा पुतण्याच्या लग्नात बाया गाणं म्हणत होत्या. तेवढ्यात वरात वेशीत आली म्हणून त्या मधेच उठल्या. आबांनी वरात वेशीतच थांबवली, बायांना पुन्हा बसवलं आणि राहिलेलं कडवं पुरं करून घेतलं. नवरदेव घोड्यावर उन्हात तापत राहिला. कुणी बोललं, तर आबा म्हणाले, नवरदेव काय, तो थांबतो. चाल थांबत नसते.

तर अशा या आबांची वर्षातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे बोरी नदीच्या काठची देवीची जत्रा. तिथं दर चैत्रात कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर समोरासमोर बसत. कलगीवाल्यांच्या मते शक्ती थोर, तुरेवाल्यांच्या मते शिव. खुद्द शिवशक्तींनी हा वाद कधीच मिटवून संसार थाटला असेल, पण खानदेशात तो अजून चालू होता. एका शाहिरानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा. जबाब आला नाही तो हरला. हरलेल्या बाजूच्या मानकऱ्यानं आपला डफ डोक्यावर घेऊन जिंकलेल्याच्या गावी जायचं, त्याच्या घरी पाहुणा म्हणून जेवायचं आणि डफ वर्षभरासाठी तिथं ठेवून यायचं. आणखी एक नियम होता. आपल्याच बाजूच्या माणसानं आपला सवाल फोडला, म्हणजे त्याचा जबाब आपणच सांगून टाकला, तर ती बाजू हरली. पण हा नियम कुणाला कधी वापरावा लागला नव्हता. इतका बावळट माणूस आजवर जत्रेला आला नव्हता.

आबा तुऱ्याचे मानकरी होते. तुऱ्याचा शाहीर होता सोनटेकचाच उखर्डू. कलगीचा शाहीर आणि मानकरी दोन्ही एकच माणूस, यावलकडच्या किनखेड्याचा भाईदास. आणि हा भाईदास आबांचा व्याही होता.

आता तुरेवाल्यानं आपली एकुलती एक लेक तानु कलगीवाल्याच्या घरी कशी दिली, असं कुणी विचारील. आबांनी भाईदासचा आवाज ऐकला आणि मुलगी देऊन टाकली. नवरामुलगा त्यांनी नंतर पाहिला. नशीब तानुचं, की तो मुलगाही चांगला निघाला.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण आदल्या वर्षीच्या जत्रेत भाईदासला लहर आली. ऐन रंगात त्यानं एक कडवं जुळवून म्हटलं, की सोनटेकचे आमचे व्याही एवढे ओरडतात की गाणाऱ्यांनी घरी बसावं आणि जत्रा त्यांच्यावरच सोपवावी. लोक लोटपोट हसले. कलगीवाले हसले, तुरेवाले हसले, उखर्डूही डफाच्या आड तोंड लपवून हसला. आबांना मात्र ते लागलं. स्वतःचं ओरडणं त्यांना देवाची सेवा वाटत होती. ते उठले, उपरणं झटकलं आणि भर सभेत गरजले, “याही, तुमना डफ मन्हा दारवर येत नही, तोपावत मी तुमना घरनं पानी पेनार नही!”

भाईदासला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. पण आबांचा राग म्हणजे विहिरीत पडलेली घागर, काढायला दुसरंच कुणी लागे. त्यात तानुला तेव्हा आधीच दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. भाईदासनं निरोप धाडला, की बापानं स्वतः यावं, जेवावं आणि लेकीला घेऊन जावं. आबा गेले नाहीत. ‘लेकीला पाठवा’ असा उलटा निरोप त्यांनी दिला. भाईदासही मानी. अशा ताणाताणीत दसरा आला आणि तानुला सासरीच मुलगी झाली.

झुंबरबाई आपल्या भावाला, सुकदेवला, सोबत घेऊन किनखेड्याला गेल्या, लेकीचं बाळंतपण करून आल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याला भाजून काढायला सुरुवात केली. रागावून नव्हे. रागावल्या असत्या तर आबांनी सोसलं असतं. त्या नुसत्या भिंतीशी बोलत.

“काय पोर शे, माय! नाक बठ्ठं इकडलं.” नातीचं नाक सगळं आपल्या घरचं, असं भिंतीला सांगून त्या तव्यावरची भाकरी उलटत. आबा ओसरीवर दोरी वळत बसलेले असत. दोरी वळायची थांबे.

“हासस बी आशी...” झुंबरबाई म्हणत आणि पुढचं बोलतच नसत. अर्धं राहिलेलं गाणं ज्याला सोसत नाही त्याला अर्धं राहिलेलं वाक्य तरी कसं सोसावं? पण विचारलं तर हरलो, म्हणून आबा दोरी इतकी ताणत की ती तुटे. नातीचं नाव काय ठेवलं हेही झुंबरबाईंनी सांगितलं नव्हतं. ज्याला पाहिजे त्यानं तोंड उघडून विचारावं. ते तोंड बाकी सगळीकडे उघडत होतं, फक्त इथं उघडत नव्हतं.

रोज झोपताना आबांच्या मनात एकच गोष्ट येई. यंदा तुरा जिंकला पाहिजे. तुरा जिंकला की भाईदास डफ घेऊन आपल्या दारी येणार, शपथ सुटणार, लेक येणार, आणि लेकीच्या कडेवर ती येणार. एवढ्यासाठी आबांनी त्या हिवाळ्यात गावातल्या कुठल्याच फडाकडे पाहिलं नाही. ते रोज संध्याकाळी उखर्डूच्या खळ्यावर जाऊन बसत. उखर्डूनं यंदा असा सवाल बांधला होता, की शक्तीचं नाव घेणाऱ्यांनाच शक्तीचं कोडं पडावं.

डफ नव्हता, तार नव्हती, टाळ नव्हता कुणा हाती,
पहिला ठेका कुणी धरिला, सांग शाहिरा, कवण्या राती?

आणि त्याचा जबाब,

नऊ महिन्यांच्या काळ्या राती,
ठेका मायच्या काळजाहाती!

पोटातलं लेकरू पहिल्यांदा ऐकतं ते आईचं काळीज. पहिल्या रात्री आबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना ओरडायचंही सुचलं नाही. मग दुसऱ्या दिवसापासून ते नांगरताना, पाणी काढताना, आंघोळ करताना तेच गुणगुणू लागले. बेसूर, पण अथपासून इतिपर्यंत. झुंबरबाईंना तो जबाब पाठ झाला. बैलांनाही झाला असावा.

उखर्डू मात्र चिंतेत होता. सवालाची चिंता नव्हती, आबांची होती. जत्रेच्या आदल्या दिवशी त्यानं आबांपुढे गुळाचा भलामोठा खडा ठेवला. सातासमुद्रापलीकडच्या लढाईमुळे साखर डोळ्यांना दिसत नव्हती, गुळावरच सगळ्यांची भिस्त होती.

“आबा, दाद द्या, कितली बी द्या,” तो काकुळतीनं म्हणाला. “पन मी सवाल टाकना, का हाऊ खडा तोंडमा ठेवा. गूळ शे तोपावत तोंड उघडानं नही.”

“मी काय धाकला पोऱ्या शे का?” आबा संतापले. मग त्यांनी खडा उपरण्याच्या टोकाला बांधून घेतला.

त्या वर्षी घासलेटची टंचाई होती, गॅसबत्त्या पेटवायच्या कशावर? म्हणून सामना दिवसाउजेडी ठेवला होता. बोरीकाठच्या चिंचांखाली जाजमं अंथरली होती. मधे पंच झिपरू नाना, एका बाजूला भगवे फेटे तुरेवाल्यांचे, दुसऱ्या बाजूला कलगीवाले. बायका पलीकडच्या चिंचेखाली.

दिवसाउजेडी सामना ठेवण्याचा एक तोटा आबांना तिथं पोचल्यावर कळला. पलीकडचं सगळं स्पष्ट दिसत होतं. किनखेड्याच्या बायकांत तानु बसली होती. थोडी वाळली होती. तिच्या मांडीवर लाल कुंची घातलेलं काहीतरी हलत होतं. आबांनी मान फिरवली आणि चिंचेच्या शेंड्याकडे पाहू लागले. शेंड्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तिकडे पाहिलं, मग पुन्हा शेंड्याकडे. शेजारच्यानं विचारलं, “आबा, झाडवर काय शे?” आबा म्हणाले, “चिचा.”

गाणं सुरू झालं आणि आबा आबा झाले. उखर्डू रंगात होता. पण खरं सांगायचं तर भाईदास त्याहून रंगात होता. त्यानं आवाज लावला तशी चिंचेवरची पाखरंही गप्प झाली. आबांचा हात दोनदा वर गेला आणि दोनदा त्यांनी तो डाव्या हातानं धरून खाली आणला. वैऱ्याला दाद कशी द्यायची? तिसऱ्यांदा मात्र त्यांच्या तोंडून अर्धं ‘वा’ निघालंच. त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

ऊन कललं. दोन्हीकडचे सवाल सुटत गेले. शेवटी उखर्डूनं फेटा घट्ट केला, आबांकडे पाहून डोळ्यांनी खूण केली आणि आबांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. गाल फुगला. उखर्डूनं डफावर थाप मारली.

“पहिला ठेका कुणी धरिला, सांग शाहिरा, कवण्या राती?”

भाईदासनं डफ उचलला, खाली ठेवला. कपाळ पुसलं. क्षणभर त्यानं बायकांच्या चिंचेकडे पाहिलं. मग डफ घेतला आणि चाल उचलली.

“नऊ महिन्यांच्या काळ्या राती...”

उखर्डूचं तोंड पांढरं पडलं. आबांचं काळीज हललं. पण भाईदास तिथंच थांबला. त्यानं तीच ओळ पुन्हा घेतली. “नऊ महिन्यांच्या काळ्या राती...” आणि पुन्हा थांबला. मागे साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांनी ओळ झेलून परत आणली, त्यानं ती घेतली, वर नेली, आणि अगदी टोकावर नेऊन सोडून दिली.

झिपरू नाना वाट पाहत होते. आबांच्या तोंडात गूळ होता आणि डोक्यात ती ओळ एका पायावर उभी होती. तुरा जिंकत होता. डफ दारी येत होता, लेक येत होती, लाल कुंची येत होती, आणखी थोडा वेळ नुसतं बसून राहायचं होतं. हे सगळं आबांना ठाऊक होतं. पण भाईदासनं चौथ्यांदा ओळ घेतली, इतक्या गोड आवाजात घेतली, आणि पुन्हा अर्ध्यावर ठेवली. आबांना घाम फुटला. त्यांनी जाजम मुठीत धरलं. गूळ अख्खाच्या अख्खा गिळला गेला. आणि आबा गुडघ्यांवर उभे राहिले, उजवा हात वर गेला, आणि बोरीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले,

“ठेका मायच्या काळजाहाती!”

आणि ओळ पुरी झाल्याच्या आनंदात त्यांनी वर स्वतःलाच दाद दिली, “वा रे मन्हा वाघ!”

मग त्यांना आपला आवाज ऐकू आला.

झिपरू नानांनी अख्ख्या हयातीत न वापरलेला नियम आठवायला थोडा वेळ घेतला. “सवाल फुटना,” ते म्हणाले. “आपला मानसनी फोडा. तुरावालासना डफ खाले.”

कलगीवाल्यांनी फेटे उडवले. तुरेवाले आबांकडे नुसते बघत राहिले. उखर्डूनं डफ आबांच्या पुढ्यात ठेवला आणि चपला शोधायला गेला. आश्चर्य म्हणजे भाईदासही हसत नव्हता. तो तोंड उघडं टाकून आबांकडे पाहत होता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. आबांना वाटलं, माज शे माज. आणि त्यांनी मान खाली घातली ती कलगीवाल्यांच्या गाड्या निघून जाईपर्यंत वर केली नाही. लाल कुंचीही त्या गाड्यांतून गेली.

गावी परतल्यावर वेगळाच घोळ झाला. आबांना वाटलं होतं लोक शिव्या देतील. उखर्डू तर त्यांना पाहून वाट बदलत होता. पण बाकीच्यांनी, मुख्यतः बायकांनी, ठरवून टाकलं की आबांनी सवाल मुद्दाम फोडला. हरलेल्यानं जिंकलेल्याच्या घरी जायचं असतं, म्हणून आबा हरले. नातीसाठी हरले. पाणवठ्यावर बाया त्यांना पाहून डोळ्यांना पदर लावू लागल्या.

“नही व माय!” आबा कळवळून सांगत. “मी मुद्दाम नही फोडा. मन्हा तोंडमातून निंघी गयं!”

“कितला मोठा मनना मानूस शे,” बाया म्हणत, “कबूल बी करत नही.”

शिव्या आबांनी पचवल्या असत्या. न केलेल्या चांगल्या कामाचं कौतुक त्यांना पचेना. झुंबरबाईंना मात्र खरं काय ते माहीत होतं. इतक्या वर्षांचा संसार होता. त्यांनी कुंच्या, झबली आणि डिंकाचे लाडू बांधले आणि दारात उभ्या राहिल्या. नेहमी गाडी चुकायची ती झुंबरबाईंच्या तयारीपायी. त्या दिवशी दोघं नरडाण्याच्या स्टेशनावर पोचली तेव्हा स्टेशनमास्तर अजून दात घासत होता.

गाडीत आबा डफ मांडीवर घेऊन बसले. समोरच्या वाण्यानं विचारलं, “शाहीर का?”

“नही,” आबा म्हणाले. “ऐकनारा.”

भुसावळहून पुढे बैलगाडी. केळीच्या बागांतून वाट जात होती. किनखेड्याची वेस आली तसे आबा खाली उतरले, डफ डोक्यावर घेतला आणि चालू लागले. गावातली पोरं मागे लागली. ओसरीवर बसलेली माणसं उठून उभी राहिली. आबांना वाटलं होतं लाज वाटेल. लाज वाटलीही. पण पायांना काय झालं होतं कोण जाणे, ते भराभर पडत होते.

भाईदास दारात उभा होता. त्यानं डफ उतरवून घेतला, कपाळाला लावला आणि खुंटीवर टांगला. पाय धुवायला पाणी दिलं. आबा ओसरीवर बसले. मग तानु आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

आबांनी तांब्याकडे पाहिलं. शपथ होती. भाईदासचा डफ काही त्यांच्या दारी आला नव्हता, उलट त्यांचाच इकडे आला होता. झुंबरबाई भिंतीशी बोलल्या, “हारेलले कसानी शपथ?”

तानु नुसता तांब्या धरून उभी राहिली. तो काठोकाठ भरला होता आणि पाणी काठावरून सांडत होतं. तिला न्यायला मी आलो नाही, आबांना वाटलं. पोर वाट पाहत राहिली आणि मी दोऱ्या वळत बसलो. त्यांना स्वतःची शरम वाटली. त्यांनी तांब्या घेतला आणि तळ दिसेपर्यंत प्यायले.

तानुनं आत जाऊन लाल कुंची आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. कुंचीतून दोन डोळे आबांकडे रोखून पाहू लागले. नाक खरंच बठ्ठं इकडलं होतं.

“नाव काय शे?” आबांनी विचारलं. झुंबरबाईंनी दसऱ्यापासून ज्याची वाट पाहिली होती तो हा प्रश्न.

“धुरपदा,” तानु म्हणाली.

ते आबांच्या आईचं नाव होतं. आबांनी मान खाली घातली आणि बराच वेळ कुंचीची नाडी सोडली, बांधली, सोडली. पोरीनं त्यांचं बोट मुठीत धरलं आणि दोन जांभया देऊन तशीच झोपी गेली.

जेवणाला अजून वेळ होता. घरात पुरण शिजत होतं. भाईदास जवळ येऊन बसला. सुपारी कातरत राहिला, शेवटी अडकित्ता बाजूला ठेवला.

“आबा, एक सांगतो, रागावू नका. तो जबाब मले येत होता. सुनेच्या मांडीवरच्या नातीकडे पाहिलं अन् सुचला.”

आबांना कळेना. “मंग थांबनात काबर?”

“हराले थांबलो. पहिली ओळ म्हणून घेतली, का निदान कलगीची अब्रू तरी राहो. अन् मंग अडल्यासारखं केलं. हरलो असतो तं डफ घेऊन तुमच्या दारी आलो असतो. सून संगं, नात संगं. तुमची शपथ बी सुटली असती. वर्षभर पोरगी माहेराच्या वाटेकडे पाहून राहिली होती हो. त्या कडव्याचं मले बी वाईट वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम अडलो, आबा, अन् तुम्ही मले जिंकून देलं!”

झुंबरबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आत तानु हसली. आबा मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. व्याह्याचं मन त्यांना कळलं होतं, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वर आलं.

“मुद्दाम?” ते म्हणाले. “चालतं गानं मुद्दाम मोडं तुम्ही? चार येळा? देवीनी जत्रामा?”

“आबा...”

“हाई पाप शे, याही! मन्हा जीव जायेल व्हता तठे! चाल व आपला घर, आशा मानसनं मी...”

आणि झुंबरबाईंकडे पाहत ते उठायला गेले.

“हालू नका!” झुंबरबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. “पोर झोपनी शे.”

आबा जागच्या जागी थांबले. बोट मुठीत अडकलेलं होतं. उठता येईना, ओरडता येईना. रागानं नाकपुड्या फुलत होत्या आणि मांडी मात्र जराही हलत नव्हती. मग बसल्या बसल्या, कुजबुजत्या आवाजात, त्यांनी व्याह्याशी भांडण पुरं केलं. कुजबुजीत भांडायची सवय नसल्यानं ते लवकर संपलं.

“आते म्हना,” शेवटी ते म्हणाले. “पुरं म्हना. हाई पोरनासमोर.”

भाईदासनं डफ घेतला नाही. मांडीवर दोन बोटांनी ठेका धरला आणि अगदी हलक्या आवाजात सुरुवात केली. डफ नव्हता, तार नव्हती. नऊ महिन्यांच्या काळ्या राती. आणि मग, न थांबता, न अडता, तो खाली आला. ठेका मायच्या काळजाहाती. इतकं सुंदर तो जत्रेतही गायला नव्हता.

आबांचा उजवा हात उचलला गेला. तोंड उघडलं. झुंबरबाईंनी डोळे मिटून घेतले. पण आवाज आला नाही. हात वरच्या वर थांबला, हळूच खाली आला आणि लाल कुंचीवर विसावला. एवढी मोठी दाद आबांनी आयुष्यात पहिल्यांदाच गिळली. गुळाचा खडा गिळताना जे जमलं नव्हतं ते तेव्हा जमलं, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं आणि ते पुसायला त्यांच्याकडे मोकळा हात नव्हता.

भाईदास थांबला आणि पाहत राहिला. “आबा,” तो हळूच म्हणाला, “आजवरच्या तुमच्या साऱ्या आरोळ्यांत मले हीच लय आवडली.”

आबांनी मान हलवली. मग ओठांनीच, आवाज न करता, म्हटलं, “आखो एक डाव.”

भाईदासनं पुन्हा सुरुवात केली. आतून पुरणाचा वास येत होता, आणि जेवायला बोलवायचं तानुच्या मनात असूनही ती दाराशीच उभी राहिली.